साडेआठ बोटं

माझ्या बापाला, अट्टाला, आकडे येत नव्हते.
सूसाच्या दक्षिण वेशीपाशी तो चाकं जोडायचा:
तीन फळ्या, दोन आडव्या पट्ट्या, मधे आस,
आणि भोवती ओल्या कातड्याची धाव,
तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली.

मला मात्र पाटीशाळेत घातलं होतं.
सकाळी माती मळायची, दुपारी तीच पुसायची,
मधल्या वेळात गुरुजी इलशू-बानी
बोरूच्या टोकाने हवेत वर्तुळ काढून विचारायचे,
"रुंदी ठाऊक आहे. घेर सांगा."
"तिप्पट!" आम्ही ओरडायचो.
अंगणातलं गाढवसुद्धा तिप्पट म्हणालं असतं.

त्या साली मी अकरा वर्षांचा होतो
आणि मला न येणारं जगात काही नव्हतं.
अट्टा चाकाला दोरी गुंडाळत होता,
गाठ मारत, सोडत, ओठ हलवत.
म्हटलं, दोरी कशाला?
चाक दोन हात रुंद. कातडं सहा हात काप.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
आणि कधी नव्हे ती सुरी माझ्या हातात दिली.

सहा हात. गुडघ्याखाली दाबून कापलं,
केसभरही न चुकता.
बैलाचा वास अजून गेला नव्हता त्याचा.
एक टोक अट्टाने पक्कं केलं,
चाक फिरवत आणलं, फिरवत आणलं,
आणि ती दोन टोकं एकमेकांना न भेटताच
थांबली, भांडलेल्या जावांसारखी.

मधे उघडं लाकूड.
अट्टाने त्यावर एकेक बोट टेकवलं.
आठ. आणि वर अर्धं.
ओरडला नाही.
"तुझ्या गुरुजींना सांग," म्हणाला,
"या गाडीत बसलात तर
दर फेऱ्याला साडेआठ बोटं पायी चालायचं."

रात्री अम्माने दिव्याजवळ आरी घेतली
आणि त्या फटीत ठिगळ शिवलं.
पहाटे जवाची पोती भरून गाडी निघाली.
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं:
टप्. मग बराच वेळ काही नाही. टप्.
पांघरुणात तोंड खुपसून मी मोजत होतो.

गुरुजींनी छडी उचलली नाही, याचंच नवल.
ओल्या मातीत वर्तुळ काढलं,
अर्ध्या रुंदीएवढ्या सहा काड्या मोडल्या,
आणि टोकाला टोक लावून आत बसवल्या.
नेमक्या बसल्या. सहा अर्ध्या, म्हणजे तिप्पट.
पण प्रत्येक काडीच्या बाहेर
वर्तुळाचं पोट सुटलेलं.
"शाळेत आपण काड्या मोजतो, शेलेबुम.
तुझा बाप पोट मोजतो."
"मग तिप्पट का शिकवता?"
"कोठाराच्या कारकुनाला
संध्याकाळी घरी जायचं असतं."

आता माझेच दात मोजण्याइतके उरलेत.
अट्टा नाही, अम्माही नाही.
माझ्या पाटीवर, भाजून पक्क्या केलेल्या,
मी लिहून ठेवलंय:
वर्तुळ साठ धरलं, तर काड्या सत्तावन्न,
आणि वर छत्तीस साठांश.
यातून निघतात तीन, आणि एक अष्टमांश.
दोन हातांच्या चाकाला सहा हात आणि पाव.
पाव हात म्हणजे साडेसात बोटं.

साडेसात.
अट्टाची साडेआठ.

कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं:
त्याची बोटं वाकडी होती,
कातडं ओलं होतं, दिवस कलला होता.
पण परवा एका चाकवाल्याच्या मुलीला
जवसाचा बारीक धागा आणायला लावला,
ताणून गुंडाळला, माझ्या हिशेबाने तोडला.
टोकं भेटली नाहीत.
तिने आपली करंगळी मधे घातली
आणि हसली.

मुलांना मी आता तीन आणि अष्टमांश शिकवतो.
शिवाय एक बोट हातचं ठेवा म्हणतो.
ते कुठे मिळवायचं, असं कुणी विचारलं की
मी खिडकीकडे कान लावतो,
गल्लीतून एखादी गाडी जात असेल तर.