सव्वीस वेळा

साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर
फोन पाडायचा पगार मिळतो मला.
हसू नका. आत्याही हसली होती,
म्हणाली, हे तर आमची चिंगी फुकट करते.

एका फोनला सव्वीस वेळा:
सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे.
आधी कमरेच्या उंचीवरून, म्हणजे खिसा,
मग छातीच्या, म्हणजे बोलता बोलता,
मग कानाच्या, म्हणजे वाईट बातमी.
ही नावं माझी. तक्त्यात नुसते सेंटिमीटर.
खाली कधी पोलाद, कधी कडाप्पा,
कधी पेव्हर ब्लॉक, आपल्या फुटपाथवर असतो तसलाच,
फक्त आमचा सपाट.

चिमटा सुटतो.
पाठीवर पडला तर आवाज ताटलीचा.
कोपऱ्यावर पडला तर
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एकच कट्ट,
आणि मग काच सावकाश स्वतःत जाळं विणत जाते.
तुस्कानो सर भिंग लावून बघतात. म्हणतात,
"पडल्यानं नाही फुटत गं ती.
आधीच कुठंतरी ओरखडा असतो, किल्लीचा, वाळूच्या कणाचा.
पडणं आपलं निमित्त."
मी रकान्यात 'निमित्त' लिहिलं होतं एकदा,
मग खोडून 'कोपरा क्र. ५' केलं.

चार वर्षं झाली. हजारो पाडले असतील.
त्या खोलीत कुणी कधी
अगं अगं अगं म्हणत नाही.
कुणाचा हात पुढे येत नाही.
सगळे एक पाऊल मागे उभे, गॉगल लावून,
आणि खाली जाणारा फोन एकटा.

परवा रविवारी, भांडुपला, घरी,
फ्रिजवर चार्जिंगला लावलेला माझा फोन,
वायर ओढणीत अडकली,
मी वळले.
बाबा खाली गाळणं धुऊन उभे.
अनवाणी पाय पुढे आला त्यांचा,
आधी पाय, मग बाबांचं लक्ष.
अंगठ्यावर आपटून फोन पायपुसण्यावर घरंगळला,
काच वर, चरासुद्धा नाही.
नख संध्याकाळपर्यंत निळं,
मंगळवारी जांभूळ.

हा माणूस एकतीस वर्षं विक्रोळीला
लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होता.
सुरक्षा सप्ताहात नव्या पोरांसमोर ह्यांनाच उभं करायचे:
पडणारी वस्तू झेलायची नाही.
हात मागे, पाय मागे.
वस्तू दुसरी येते, अंगठा येत नाही.
पुढं पोलादाची वाटी असलेले त्यांचे बूट
अजून माळ्यावर आहेत, २०११ च्या पेपरात गुंडाळून.

मी रुमालात बर्फ बांधला, वर चिडलेही.
कशाला पाय घातलात?
"घातला कुठं. गेला."
बर्फाचं पाणी फरशीवर.
कुकरची तिसरी शिट्टी.
"हप्ते किती राहिलेत?"
सात.
"मग."

बुधवारी मी सरांना विचारलं,
आपल्याकडे पायाचा पृष्ठभाग आहे का, तक्त्यात?
त्यांनी भिंग खाली ठेवलं.
म्हणाले, त्याचं प्रमाण ठरवता येत नाही,
प्रत्येकाचा पाय वेगळा.
मग थोड्या वेळानं, दुसरंच काहीतरी लिहिता लिहिता,
"कुणाचा?"

नख पडेल म्हणतात डॉक्टर, नवीन यायला वर्ष लागेल.
बाबांना त्याचं काही नाही.
टाचेवर चालतात, लंगडत, फुशारकीनं,
आणि फ्रिजपाशी आले की
फोन दोन बोटं आत सरकवतात,
तो आधीच पार भिंतीला टेकलेला असला तरी.