खालचा आकडा

कुडाळच्या हायवेला जिथे चिऱ्यांचे ट्रक उभे राहायचे
तिथे आता भर दुपारीही दिवे जळतात.
दार आपोआप सरकतं.
आत गाणं लागलेलं असतं,
त्यातल्या बाईला कसलीच घाई नसते.

मी यादी आणते, मागच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर.
तूरडाळ दहा किलो, तेलाचा डबा, साखर, मिरची,
आणि उकडे तांदूळ. ते इथे 'पारंपरिक' झालेत,
पिशवीवर कौलारू घर, नथवाली सून.
ती माझ्याकडे बघून हसते.
तिला काय जातंय.

नारळ ओळीने मांडलेत,
न्हाव्याकडून उठून आल्यासारखे, नुसती शेंडी ठेवून.
अठ्ठेचाळीसला एक.
माझ्या परसात सात माड आहेत.
पाडेली तीन आठवडे 'उद्या येतंय' म्हणतोय,
म्हणून मी गुमान दोन डझन ट्रॉलीत टाकते
आणि कुणी ओळखीचं नाही ना, ते बघते.

बिस्किटाचा दहाचा पुडा दहालाच आहे.
फक्त आतली बिस्किटं एकमेकांपासून लांब राहायला लागलीत,
वाटण्यांनंतर भावकी राहते तशी.

डाळीवरचा स्टिकर मी नखाने उचकटला.
खाली दुसरा. एकशे अठ्ठ्याण्णव.
त्याच्या खाली, अर्धा फाटून, एकशे बहात्तर.
अजून खाली गेले असते तर
माझ्या लग्नातला भाव लागला असता,
पण नख तुटलं.

"काकी, तसा करू नको गो,"
मागून तेजल. आमच्या वाडीतल्या पालवांची, अंगात निळा टी-शर्ट.
"रात्री अकराक यादी येता.
शटर उघडूच्या आत सगळा चिकटवचा लागता."
तिने बोटं दाखवली, गोंदाने गुळगुळीत.
रेशनच्या मशीनला तिचा अंगठा
दोन महिने ओळखता येत नाहीये.
घरचे तांदूळ अडकलेत.
मी तुटलेलं नख मुठीत धरून उभी,
ओरडायला आले होते, ते कुणावर?

काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
मॅडम, आज तुमची दोनशे बारा रुपयांची बचत झाली.
घरी येऊन मी चारही पिशव्या उलट्या केल्या.
नव्हती.

रात्री खानावळीचा फळा उतरवला.
'शाकाहारी थाळी १२०', माझंच अक्षर,
दोनाची शेपटी नेहमीसारखी लांब.
ओल्या फडक्याने पुसलं.
एकशे चाळीस लिहायला हात धजेना,
तेव्हा लिहिलं एकशे एकोणचाळीस.
लिहिलं आणि कान तापले.
त्या दुकानाचं एक तरी गणित
मला कुणी न शिकवता आलं होतं.

एक वाजता नाईकधुरे आले.
एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टर,
बायको गेल्यापासून खिडकीजवळचं टेबल त्यांचं.
फळ्याकडे बघितलं, पूर्वी तिकिटाकडे बघायचे तसं,
एकदाच.
काही बोलले नाहीत.
दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

उठताना त्यांनी घरूनच घडी घालून आणलेले
एकशे वीस ताटलीत ठेवले.
मग शर्टाचा खिसा, पँटचा खिसा, पुन्हा शर्टाचा.
जन्मभर लोकांना 'सुटे काढा' म्हणालेला माणूस
माझ्यासमोर सुटे शोधत होता.
पंधरा निघाले. मग दोन. मग एक.
"राहूंदे," मी म्हटलं, "उद्यापासून."
"नाय नाय," म्हणाले, "हिशोब तो हिशोब,"
आणि आणखी एका रुपयासाठी
चष्म्याचं घर उघडलं.

तोवर फळा वाळला होता.
एकशे एकोणचाळीसच्या मागून
दोनाची लांब शेपटी पुन्हा वर आलेली.
त्यांना दिसली की नाही, माहीत नाही.