चतकोर

गुरजानीच्या बाजारामागे आमची भट्टी.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजणच म्हणा:
तळाशी निखारे, आतल्या भिंतीला चिकटून
होडीसारखे लांबट रोट भाजत असतात.
इमेदा कमरेतून वाकतो, जवळजवळ आत सूर मारतो,
कणीक थापतो, वर येतो.
तेवीस वर्षं.

मग एका हिवाळ्यात
तळची ओळ जाबा लावू लागला, आमचा पोरगेला मदतनीस.
मी विचारलं नाही.
शर्टावर पोटाच्या उंचीला भट्टीच्या काठाची
आडवी करपट रेघ,
धुताना रोज हाताखाली यायची.
रेघ जे सांगत होती
तेच डॉक्टरीणबाईंनी नंतर आकड्यांत सांगितलं.

घरात वजनकाटा नव्हता.
दुकान बंद झाल्यावर तो पिठाच्या काट्यावर चढला,
पोत्यांच्या जागी.
अडीच पोती, वर एक किलो.
जाबा हसला. आमच्याकडे बघून थांबला.

आमच्याकडे जेवण म्हणजे बशीवर बशी,
टेबलाचं कापड दिसेनासं होईपर्यंत.
'पुरे' म्हणायला शब्द आहे,
तो ऐकणारा कान नाही.
कुठून सुरुवात करणार?

ताटापासून केली.
लग्नातली मोठी पांढरी ताटं माळ्यावर गेली,
खाली आली लेकीची शाळेच्या वयातली
निळ्या काठाची बशी.
तो तिच्याकडे बघत राहिला.
"मी आजारी आहे, की लहान?"
"भुकेला आहेस. खा."

घेवडा, धने-लसूण घालून.
पालक वाटलेल्या अक्रोडात, पण मूठभरच अक्रोड.
चीज भरलेली खाचापुरी फक्त रविवारी,
तीही चतकोर.
त्या चतकोराभोवती तो इतका हळू जेवायचा
की मला समोर बसवेना.

एका रात्री फ्रीजचं दार वाजलं.
सकाळी चीजच्या गोळ्यावर सुरीचा सरळ काप.
मी बोलले नाही.
दुसऱ्या रात्री चीजच्या पुढ्यात काकडी ठेवली, सोलून.
सकाळी दोन्ही गायब.

एक गोष्ट मात्र तोडली नाही.
पहाटेचा पहिला रोट निघाला की
त्याचं टोक मोडून उभ्याउभ्या खायचं,
हे त्याच्या बापापासूनचं.
टोक तुझं, म्हटलं, बाकीचा गिऱ्हाइकाचा.

ओतियाकडे खिंकाली असतात दर शनिवारी:
चुण्या पाडून वर शेंडी वळलेले उकडीचे गोळे, आत मांस आणि रस्सा.
शेंड्या खायच्या नसतात, ताटात ठेवायच्या.
कोणी किती हाणले, त्याचा तोच हिशोब.
मार्चात इमेदाच्या ताटात अठरा शेंड्या.
जूनमध्ये पाच.
ओतिया टेबलावर हात आपटून म्हणाला,
"बायको आता शेंड्याही खायला लावते काय रे?"
सगळ्यांबरोबर तोही हसला.
घरी येताना मात्र टेकडीचा रस्ता धरला,
आणि मला गाडीतून पुढे पाठवलं.

भाच्याच्या लग्नात सगळं वाहून गेलं.
टोस्ट मागून टोस्ट, मांसामागून मांस.
मीही खाल्लं. खोटं कशाला बोलू?
काट्यावर मी तर अजून चढलेलेच नाही.
सोमवारी कोणी कोणाकडे बघितलं नाही.
मंगळवारी परत निळी बशी.

ऑगस्टात एका पहाटे जाबाला उशीर झाला.
मी पीठ चाळत होते, पाठमोरी.
वळले तर इमेदा नाही,
भट्टीच्या काठावर नुसते दोन बूट.
काळजात धस्स झालं.
मग लालबुंद चेहरा वर आला, भुवया थोड्या जळलेल्या:
"तळची ओळ लागली."

काटा अजून दोन पोती ओलांडतोच,
वर बारा किलो.
पण शर्टावरची रेघ, गेल्या पंधरवड्यात, नाही.

पहिल्या रोटाचं टोक मोडलं त्याने,
अर्धं माझ्यापुढे धरलं.
मीठ कमी पडलं होतं.
दोघांनाही कळलं.
बाहेर रांगेत बारा माणसं उभी होती,
आम्ही दोघं गप्प चावत राहिलो.