शब्द आहे, शब्द नाही

सिव्हिलच्या दुसऱ्या मजल्यावर, खडखडणाऱ्या कूलरशेजारी
मॅडमनी दोन बटणं दाखवली.
हिरवं म्हणजे शब्द आहे. लाल म्हणजे नाही.
"घाई करायची, पण घाबरायचं नाही," म्हणाल्या,
जशी काही ती दोन वेगळी कामं.

कळशी. हिरवं.
शकळी. लाल.
उंबरा. हिरवं.
पालु.
मॅडमच्या यादीत तो नुसता आवाज होता,
आमच्या घरात ते दूध आहे.
मी हिरवं दाबलं. यंत्रानं चूक धरली.

मग नेहमीची विचारपूस. घरात कुणाला आवाज यायचे?
वडिलांना, म्हटलं. राजलिंगम सादूल.
अठरा वर्षं चादरी विणल्या त्यांनी.
कारखाना बंद पडल्यावरही माग त्यांच्याशी बोलायचा,
आणि ते उत्तर द्यायचे, तेलुगूत, अदबीनं.

आणि तुला?
मला नाही. कधीतरी पाठीमागून
नाव घेतल्यासारखं वाटतं,
वळून बघते तर भाजीवाला.

त्यांनी पाच आठवड्यांचे आकडे पुढं सरकवले.
झोप लागलेल्या आठवड्यात मी चारचौघींइतकी चपळ.
थोरल्यानं घर विकायचं काढलं
त्या आठवड्यात साध्या कळशीला दीड सेकंद.
"शब्द हरवलेला नाही गं. जीव घाबरला की
वाटेत अडकतो."

हे मला ठाऊक होतं, फक्त दुसऱ्या शब्दांत.
वडील सुतावरून तळहात फिरवत सांगायचे,
ताण फार झाला की धोटा अडकतो,
धोट्याला शिव्या देऊ नयेत.

परतीच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरनं विचारलं, कुठं?
त्रेचाळीस डिग्री. मागून हॉर्न.
शब्द जिभेखाली होता, ओला, आणि हलेना.
आरशातले त्याचे डोळे मोठे होत गेले
तसा तो आणखी आत सरकला.
शेजारची बाई मांडीवरचं विड्यांचं सूप सावरत म्हणाली,
"थांबा की ओ. आठवू दे पोरीला."
त्यानं रिक्षा कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"कन्ना चौक."

"तो कवाच मागं पडला की!"

उतरले. उन्हातून चालत मागं आले
दुकानांच्या पाट्या वाचत.
सायकल, हिरवं. सरकी पेंड, हिरवं.
एक पाटी तेलुगूत होती.
तीही.