फुंकून

न्यायाधीशबाई माझं आडनाव वाचायला लागल्या
आणि 'कार'वरच अडल्या.
कार... कार-खा... चष्मा वर, चष्मा खाली.
मी म्हटलं, तेवढंच पुरे, मॅडम. कारच होती.
कुणी हसलं नाही.
माझा वकील ऑब्रिंगर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

स्टर्लिंग हाइट्स, मार्चमधला मंगळवार,
पार्किंगच्या कडेला मिठाने काळा पडलेला बर्फ.
अर्जाला बोटांचे ठसे जोडावे लागतात.
ठाण्यातल्या पोराने एकेक बोट धरून असं फिरवलं होतं
जसा लहान मुलाला कुणी 'अ' गिरवायला शिकवतं.
"सैल सोडा," म्हणाला, "तुम्ही दाबताय."
सहा वर्षं दाबतेच आहे, बाळा.

त्या रात्रीचं सांगायचं तर
लॅबमधल्या डॅरिलचा निरोपसमारंभ होता.
तीन ग्लास मोजले, चौथा मोजायचा राहिला.
रस्ता सरळ होता. मीही सरळच आहे, असं मला वाटत होतं.
टपालपेटी मध्ये आली.
हे माझंच वाक्य आहे, पोलिसांच्या रिपोर्टात आहे:
पेटी मध्ये आली.
झग्यातला एक म्हातारा दारातून बाहेर आला, वॉयचिक त्याचं नाव,
ओरडला नाही. आत गेला,
चौकटीचं ब्लँकेट आणलं आणि माझ्या खांद्यांवर टाकलं.
बेड्या त्याच्याखाली पडल्या.

आधी परवानाच नव्हता.
रविवारच्या फोनवर आईला मागून बसचा आवाज यायचा.
"गाडी गॅरेजात आहे गं."
"अजून? तिकडचेही मेकॅनिक आपल्यासारखेच की."
ती गेली
ती माझी गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत.

मग वर्षभर फुंकणं.
गाडीत यंत्र, त्यात फुंकल्याशिवाय इंजिन हलायचं नाही.
दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात;
मी पहाटे साडेसहाला, उणे बारात,
टोयोटा फुंकून पीत होते.
वाणसामानाच्या दुकानाबाहेर, मनवाच्या शाळेच्या रांगेत,
काचा वर करून, मान खाली घालून.
मनवाने मैत्रिणींना सांगून ठेवलं, आईला दमा आहे.
मी रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

"एवढ्या वर्षांत काय केलंत?" बाईंनी विचारलं.
वर्ग, सेवेचे तास, सगळं पाठ केलं होतं.
तोंडातून निघालं,
"नवी पेटी घेऊन गेले होते. त्यांनी नको म्हटलं."
बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं
आणि सही केली.
अकरा मिनिटं.

बाहेर ऑब्रिंगरने हात मिळवला.
आता नोकरीच्या अर्जात विचारलं, कधी दोषी ठरलात का,
तर खुशाल लिहा: नाही.
मग आवाज उतरवून,
परवाना खात्याच्या दप्तरात मात्र ते राहणार.
दप्तर म्हटल्यावर मला पाटी आठवली.
थुंकी लावून पुसायचो,
ओली असेतो कोरी करकरीत;
वाळली की मघाचं गणित परत पांढरं उगवायचं,
चुकलेल्या हातच्यासकट.

घरी जाताना त्याच रस्त्याने गेले.
वॉयचिक दोन हिवाळ्यांपूर्वी वारला,
अंगणात आता कुणाची तरी सायकल आडवी पडलेली.
खांब तोच. कललेला.
बुडाशी दोन विटा त्याच्या हातच्या;
त्याने तो सरळ केला नव्हता, नुसता पडू दिला नव्हता.
ब्लँकेट माझ्या डिकीत आहे.
ते कुठल्याच नोंदीत नाही.

इंजिन बंद करून बसले किती वेळ कोण जाणे.
निघताना सवयीने पुढे वाकले, फुंकलं,
यंत्र कधीच काढलंय,
काचेवर थोडी वाफ धरली, इतकंच.
टपाल घ्यायला आलेल्या पोराने काचेवर टकटक केली.
"पत्ता चुकलात का?"

वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे मला आता नाही म्हणता येत होतं.
"नाही," मी म्हटलं.
"इथेच."