अकरा सेकंद

सातशे बारा पानं,
आणि दिग्दर्शक म्हणतो, दोन तासांत बसव.
जणू मी फिल्म कापत नाही,
खारवलेल्या काकड्या बरणीत दाबते आहे.

लेनिनग्राड. स्टुडिओचा तिसरा मजला.
खिडकीला आतूनही बर्फ धरलेला.
पुस्तकात जमीनदाराचा पश्चात्ताप चाळीस पानं चालतो:
तो उठतो, बसतो, देवाशी भांडतो,
नोकराला मारलेली थप्पड
स्वतःच्या गालावर चाचपत राहतो.
माझ्या वाट्याला त्यातले अकरा सेकंद.
नटाचा चेहरा, खिडकी, पुन्हा चेहरा.
पश्चात्ताप नाहीच. नटाला सर्दी झाल्यासारखी वाटते.

मग घोडा सापडला.
शॉट संपल्यावर वेनियामिन कॅमेरा बंद करायला विसरला,
म्हणून आलेला.
घामेजल्या पाठीवरून वाफ,
मान खाली, लगाम लोंबता.
चेहरा, घोडा, चेहरा.
झाली चाळीस पानं.

समितीवरचे अवेर्की फोमिच आले,
म्हणाले, प्रार्थना काढा.
काढली. आवाज काढला, ओठ राहू दिले.
ते हलतात बर्फात,
ज्याला कळायचं त्याला कळेल.
घोड्याला त्यांची हरकत नव्हती.
घोड्याला धर्म नसतो.

हे पुस्तक मी पुरतं वाचलेलं नाही,
हे इथे कुणाला ठाऊक नाही.
वेढ्याच्या हिवाळ्यात आई ते मोठ्याने वाचायची
आणि वाचलेलं पान पत्र्याच्या शेगडीत घालायची.
आधी वाचायचं, मग जाळायचं, असा तिचा नेम.
त्या पश्चात्तापावर आम्ही पाणी उकळलं.
चाळीस पानं. बरीच ऊब होती त्यात.
शेवटची नव्वद उरली तेव्हा
आईचा आवाज बसला होता.
तिने ती तशीच घातली,
मुठीमुठीने.
मी नऊ वर्षांची. मला वाचता येत होतं.
थांब म्हणाले नाही.
मला थंडी वाजत होती.

आज शेवटचं रीळ आलं.
अग्निया सांगते, शेवट बदललाय हो,
पुस्तकात असं नाहीच मुळी.
मग कसं आहे,
विचारायला तोंड उघडते,
आणि चहाचा पेला तोंडाला लावते.

रात्री, सगळे गेल्यावर,
घोड्याचा उरलेला तुकडा डब्यातून काढला.
त्यात घोडाही नाही, चौकटीबाहेर गेलेला,
नुसती वाफ. चार सेकंद.
ती चिकटवली, शेवटानंतर, ‘समाप्त’च्या आधी.

कुणी विचारलंच तर सांगेन,
पाणी उकळतंय.