सोन्याचा काटा

रुवीच्या बाजारात, शटर अर्धं ओढून,
सोन्याच्या काट्यावर तंबू ठेवला :
सहाशे ऐंशी ग्रॅम.
खुंट्या धरून.
पिशवी काढूनच टाकली.

दुसरा दोनशेनं जड,
पण आपल्या पायांवर उभा राहतो.
जबल अख्दरच्या कातळात खुंटी शिरत नाही.
खल्फान म्हणाला, दोरीला धोंडे बांध,
ते वर फुकट मिळतात.
मग विचारलं, पाणी किती नेणार?
आठ लिटर.
तो हसला नाही.
मी टूथब्रशची दांडी कापून
पुन्हा तोलत होतो.

विट्याहून निघालो तेव्हा बॅग किलोभर जास्त भरली.
तेवढी चटणी वडिलांनी विमानतळावरून परत नेली,
एसटीनं, मांडीवर.

हलकाच घेतला.
दोऱ्या तेवढ्या
लांब ठेवल्या.